लाकडाचं जुनं पॉलिश उतरवताना: रिमूव्हर, थिनर आणि बंद खोली

वसईच्या पश्चिमेला वटार, नाळे, राजोडी, नंदाखाल या पट्ट्यात जुनी घरं अजून बरीच उभी आहेत. सागवानी दरवाजे, कोरीव कपाटं, ओटीवरचा झोपाळा, आजोबांच्या वेळचा पलंग. घरात लग्न निघालं, ईद किंवा नाताळ जवळ आला की या लाकडाला नवं पॉलिश करायचं ठरतं. घर कुणाचंही असो, पॉलिशला येणारा कारागीर पुष्कळदा आपल्या समाजातला असतो, नालासोपाऱ्याकडे चौघांत एक खोली घेऊन राहणारा. मस्जिदीचा मिंबर, मदरशातल्या रेहली, इमामसाहेबांच्या हुजऱ्यातलं कपाट ही कामंही त्याच्याकडेच येतात. आणि ती बहुधा शाबान महिन्यात, रमजान तोंडावर आल्यावर, घाईघाईत उरकली जातात.

नवं पॉलिश चढवण्याआधी जुनं उतरवावं लागतं. पूर्वी हे काम काचेच्या तुकड्याने किंवा पत्तीने खरवडून, मग पॉलिश पेपर घासून व्हायचं. आता डबा उघडायचा, ब्रशने लावायचं, दहा-पंधरा मिनिटांत जुन्या थराला फोड येतात आणि तो पत्तीने ओढून काढता येतो. दिवसाचं काम तासाभरात होतं. बाजारात या डब्याला नुसतं ‘रिमूव्हर’ म्हणतात. त्यात काय असतं, ते माणसाला कसं मारू शकतं, आणि जुन्या घरातल्या बऱ्याचशा लाकडाला त्याची गरजच कशी नसते, हे इथे सांगायचं आहे.

डब्यात काय आहे

झटपट काम करणाऱ्या रिमूव्हरमध्ये मुख्य द्रव्य बहुधा मिथिलीन क्लोराइड असतं. त्यालाच डायक्लोरोमिथेन म्हणतात, आणि आपल्याकडच्या केमिकल बाजारात ‘एमडीसी’ या नावाने ते ओळखलं जातं. डब्यावर यांपैकी कुठलंही नाव दिसलं, किंवा ७५-०९-२ हा क्रमांक दिसला, तर माल तोच. सोबत थोडा मिथेनॉल असतो, आणि द्रव लगेच उडून जाऊ नये म्हणून मेण आणि दाटपणा आणणारी पावडर. म्हणून ते पातळ खिरीसारखं दिसतं.

लेबल नसलेली बाटली हातात आली तर एक सोपी खूण आहे. बूच न काढता वजन बघा. एक लिटर शुद्ध मिथिलीन क्लोराइड साधारण १.३३ किलो भरतं. थिनर मात्र पाण्यापेक्षा हलका असतो. बाटली पाण्याच्या बाटलीपेक्षा जड लागली तर सावध व्हा. खरं तर सुटा माल, तोही कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून, घेऊच नये. घरात लहान मुलं असतात आणि तहान लागलेलं मूल लेबल वाचत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे थिनर, ॲसिटोन, टोल्युइन यांच्यावर चालणारे रिमूव्हर. यांचा पहिला धोका आगीचा. टोल्युइनची वाफ ४ अंश सेल्सिअसलाही पेट घेऊ शकते, म्हणजे वटारच्या हवेत बाराही महिने. तिसरा प्रकार कॉस्टिक सोडा. स्वस्त आहे, वास नाही, पण कातडी आणि डोळे जाळतो. शिवाय सागवानासारखं लाकूड त्याने काळवंडतं, म्हणजे पैसे वाचवायला गेलात आणि दरवाजाच घालवलात. चौथा प्रकार बेंझिल अल्कोहोलवाल्या सावकाश काम करणाऱ्या रिमूव्हरचा. त्याला काही तास, कधी रात्रभर लागते, पण फुफ्फुसांवर तो बराच सौम्य. एनएमपी नावाचं आणखी एक द्रव्य असतं, त्याला वास जवळजवळ नाही म्हणून लोक त्याला निर्धोक समजतात. पोटातल्या बाळाला ते घातक आहे, त्यामुळे घरात गरोदर बाई असेल तर ते आणूच नये.

एक पेला आणि दहा बाय दहाची खोली

मिथिलीन क्लोराइड साधारण ४० अंश सेल्सिअसला उकळतं. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलेला डबा त्या तापमानाला सहज पोचतो. झाकण उघडताना फसकन वाफ किंवा मालच तोंडावर येतो तो त्यामुळे. ही वाफ हवेच्या जवळजवळ तिप्पट जड असते. ती वर जात नाही, जमिनीलगत साचते. कारागीर कुठे असतो? उकिडवा बसून कपाटाचा खालचा खण खरवडत असतो.

आता थोडा हिशोब. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच खोलीत साधारण २८ हजार लिटर हवा असते. त्या बंद खोलीत २०० मिलिलिटर, म्हणजे पाणी प्यायचा एक पेला मिथिलीन क्लोराइड उडून गेलं, तर हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे २,७०० भाग होतात. अमेरिकेत ज्या पातळीला ‘जिवाला तात्काळ धोका’ म्हणतात ती २,३०० आहे. म्हणजे एक पेला पुरतो. एका कपाटाला किती लागतं ते कारागिराला ठाऊक आहेच.

आणि दिवसभर काम करणाऱ्यासाठी सुरक्षित मर्यादा किती? अमेरिकेत कामगार सुरक्षा खात्याने १९९७ मध्ये ती २५ भाग ठरवली होती. २०२४ मध्ये तिथल्या पर्यावरण खात्याने ती २ भागांवर आणली. नाकाला मात्र हा गोडसर वास साधारण २०० ते ३०० भाग झाल्यावरच कळतो. म्हणजे वास आला तेव्हाच मर्यादा कितीतरी पटींनी ओलांडलेली असते. थोड्या वेळाने नाक सरावतं आणि वास येईनासा होतो. ‘वास गेला, आता काही नाही’ असं म्हणून खिडकी लावून घेणारे आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

ही वाफ दोन बाजूंनी घात करते. एक, ती मेंदूला गुंगी आणते, भुलीच्या औषधासारखी. कारागीर आपसांत हसत म्हणतात की आज नशा चढली. डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटपटतात, आणि मात्रा वाढली तर माणूस जागच्या जागी कोसळतो, श्वास थांबतो. दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत आहे. शरीरात गेलेल्या मिथिलीन क्लोराइडपासून यकृतात कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. बंद मोटारीत किंवा शेगडी पेटवून झोपलेल्या खोलीत माणसं ज्या वायूने दगावतात तोच. तो रक्तातली ऑक्सिजनची जागा अडवतो. बाहेर मोकळ्या हवेत आल्यावरही काही तास तो शरीरात बनतच राहतो. म्हणून हृदयाचा त्रास असलेल्याने, बिडी-सिगारेट ओढणाऱ्याने आणि गरोदर बाईने या कामाच्या आसपासही थांबू नये.

हे नुसतं कागदावरचं नाही. अमेरिकेत २००० ते २०११ या काळात बाथटबचा जुना थर काढताना १३ कामगार मेल्याची नोंद २०१२ मध्ये तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने प्रसिद्ध केली. छोटं न्हाणीघर, बंद दार, एकटा माणूस, हातात रिमूव्हर. पुढे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १९८० ते २०१८ या काळातले ८५ मृत्यू मोजले गेले. युरोपीय संघाने असे रिमूव्हर २०१० ते २०१२ दरम्यान टप्प्याटप्प्याने बंद केले, अमेरिकेने २०१९ मध्ये घरगुती ग्राहकांना विकायला मनाई केली. कर्करोग संशोधनाची आंतरराष्ट्रीय संस्थाही या द्रव्याला ‘माणसात कर्करोग करण्याची बरीच शक्यता’ असलेल्या गटात धरते. तिकडे प्रशिक्षित कामगार मेले, आपल्याकडे तर कारागिराच्या तोंडावर रुमाल असतो.

आधी स्पिरिट लावून बघा

डबा विकत आणण्याआधी लाकडावर काय आहे ते तपासा. पाच मिनिटांचं काम आहे आणि माझ्या मते या सगळ्या लेखातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट हीच.

कपाटाच्या मागे किंवा दाराच्या खालच्या कडेला, जिथे कुणाचं लक्ष जात नाही, तिथे कापसाच्या बोळ्याने थोडं स्पिरिट लावा. मिनिटभर थांबा. पृष्ठभाग चिकट झाला, बोळ्याला तपकिरी रंग आला, तर ते चपड्याचं पॉलिश आहे, म्हणजे लाख स्पिरिटमध्ये विरघळवून चढवलेलं, ज्याला फ्रेंच पॉलिश म्हणतात. जुन्या घरांतल्या फर्निचरवर फार वेळा हेच निघतं. चपडा स्पिरिटने चढतो आणि स्पिरिटनेच उतरतो. त्याला रिमूव्हर लावणं म्हणजे पैसा आणि छाती दोन्ही फुकट घालवणं.

स्पिरिटने काही झालं नाही तर तसंच थिनर लावून बघा. मऊ पडलं तर ते एनसी लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर मेलामाइन, पीयू, वार्निश किंवा ऑइलपेंट. रिमूव्हरचा विचार या शेवटच्या गटासाठीच करायचा, तोही पत्ती आणि पॉलिश पेपरने भागत नसेल तरच. ऑइलपेंटला पेपर लावण्याआधी मात्र शिशाबद्दल पुढे लिहिलंय ते वाचा.

चपडा उतरवायची रीत साधी आहे. एकावेळी हात-दीड हात जागा घ्या. स्पिरिटमध्ये भिजवलेलं सुती फडकं त्यावर पसरा आणि उडून जाऊ नये म्हणून वरून प्लास्टिकचा कागद टाका. दहा मिनिटांनी काढा, मऊ पडलेला थर लाकडाच्या रेषेच्या दिशेने पुसून घ्या. उरलेल्याला स्टील वूल. नक्षीकामात जुना दातांचा ब्रश चालतो. पत्ती नक्षीवर चालवू नका, कडा मोडतात.

स्पिरिट रिमूव्हरपेक्षा बरं असलं तरी पिण्याचं पाणी नव्हे. औद्योगिक स्पिरिटमध्ये विषारी मिथेनॉल असू शकतो, आणि ते चटकन पेटतं. उन्हात त्याची ज्वाळा डोळ्याला दिसतही नाही. म्हणून दारं-खिडक्या उघड्या, जवळपास बिडी नाही, गॅस नाही, देवघरातला दिवा किंवा अगरबत्तीही नाही. ज्यांच्या घरी काम करतोय त्यांना तेवढ्यापुरतं नम्रपणे सांगायला संकोच करू नये.

रंगवलेला दरवाजा असेल तर

हिरवे, निळे, पांढरे ऑइलपेंट मारलेले जुने दरवाजे-खिडक्या ही वेगळी बाब. इथे धोका शिशाचा. घरगुती रंगांत शिसं दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं हा आपल्या देशातला नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या, खास करून थरावर थर चढलेल्या रंगात शिसं आहे असं धरूनच चालावं. सहा वर्षांखालच्या मुलांच्या मेंदूला त्याचा सगळ्यात जास्त फटका बसतो, आणि झालेलं नुकसान भरून येत नाही.

अशा रंगाला कोरडा पॉलिश पेपर लावू नका, ग्राइंडर तर नाहीच. ब्लो लॅम्पने जाळू नका, शिशाची वाफ नाकात जाते. पाणी मारत मारत, ओलं ठेवून खरवडा. खाली जाड प्लास्टिक अंथरा, पापुद्रे त्यातच गुंडाळा. झाल्यावर झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. कामाचे कपडे तिथेच बदला. त्याच कपड्यांनी घरी जाऊन लेकराला उचलून घेतलं तर धूळ त्याच्या तोंडात जाते. दरवाजा जुना आणि साधाच असेल, कोरीव नसेल, तर रंग न काढता त्यावरच नवा हात मारणं हा पुष्कळदा शहाणपणाचा मार्ग असतो.

रिमूव्हर वापरायचाच झाला तर

बाहेर. घराच्या आत नाही, पडवीत नाही, पत्र्याच्या शेडमध्ये नाही. वटारमध्ये प्रत्येक घराला थोडीफार वाडी असते, ते भाग्यच समजा. दरवाजा बिजागऱ्यांवरून उतरवा, खण बाहेर काढा, घोडीवर आडवं ठेवा आणि झाडाच्या सावलीत काम करा. उन्हात नको, कारण माल भराभर उडतो, वाफ जास्त आणि काम कमी. दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो. त्याच्याकडे पाठ करून उभं राहिलं तर वाफ पुढे निघून जाते असं वाटेल, पण पाठीवरून येणारा वारा तोंडासमोर भोवरा करतो. वारा एका कुशीवरून जाईल असं उभं राहा. विहिरीपासून, गोठ्यापासून आणि मुलांच्या खेळायच्या जागेपासून लांब.

पावसाळ्यात हे काम घेऊ नये. कारागीर ‘आत करतो, पंखा लावतो’ म्हणेल, कारण त्याची रोजी अडते. पण छताचा पंखा वाफ बाहेर टाकत नाही, खोलीतच फिरवतो. आणि थिनरची वाफ असेल तर पंख्याच्या किंवा बटणाच्या ठिणगीनेही भडका उडू शकतो.

मिथिलीन क्लोराइड सहजी पेटत नाही, म्हणून त्याच्याजवळ बिडी ओढायला हरकत नाही असं समजणारेही भेटतात. ही वाफ ज्वाळेतून किंवा बिडीच्या निखाऱ्यातून गेली की तिच्यापासून फॉस्जीन तयार होऊ शकतो. पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडलेला तो वायू.

आता मास्क. रुमाल, कोविडमधला कापडी मास्क, एन-९५, यांतलं काहीही वाफ अडवत नाही. ते धुळीसाठी आहेत. काळ्या कोळशाच्या डब्या असलेला रबरी मास्क थिनर आणि स्पिरिटसाठी चालतो, पण मिथिलीन क्लोराइड त्या डब्यांतून फार लवकर आरपार जातं. म्हणून अमेरिकेत त्यासाठी बाहेरून नळीने ताजी हवा पुरवणाराच मास्क लागतो. तो आपल्या कारागिराकडे असणार नाही, तेव्हा मोकळी हवा हाच त्याचा मास्क. हातमोज्यांचंही तसंच. डॉक्टरांचे पातळ मोजे, अगदी निळे नायट्राइलचेसुद्धा, या द्रव्याने काही मिनिटांत झिरपतात. मोज्यात अडकलेला माल कातडीला चिकटून राहतो आणि उघड्या हातापेक्षा जास्त जळतं. पीव्हीए किंवा लॅमिनेट फिल्मचे मोजे लागतात, ते सुरक्षा साहित्याच्या दुकानात मागवून मिळतात. डोळ्यांना बाजूने बंद असलेला चष्मा. पायात चप्पल नको, बूट.

काम सुरू करण्याआधी स्वच्छ पाण्याची बादली हाताशी भरून ठेवा. डोळ्यात उडालं तर पंधरा-वीस मिनिटं सतत पाणी मारायचं असतं, तेव्हा रहाट शोधत बसायला वेळ नसतो. आणि एकट्याने काम करू नका. दुसरा माणूस नजरेच्या टप्प्यात हवा, पण जवळ बसून गप्पा मारणारा नको.

कॉस्टिक वापरणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी: सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही, आणि ॲल्युमिनियमचं भांडं घ्यायचं नाही.

वुजू आणि थिनर

हा विषय बाहेरच्या सुरक्षेच्या पुस्तकांत सापडणार नाही, पण आपल्या कारागिरांसाठी तो रोजचा आहे. हातावर, नखांवर पॉलिशचा किंवा रंगाचा थर राहिला तर पाणी कातडीपर्यंत पोचत नाही आणि वुजू होत नाही. म्हणून नमाजी कारागीर काय करतो? जोहरला थिनरच्या डब्यात हात बुडवून चोळतो, असरला पुन्हा, मग्रीबला पुन्हा. वीस-वीस वर्षं. नियत चांगली आहे, पण थिनरमधलं टोल्युइन कातडीतूनही रक्तात जातं. कातडीचं तेल निघून जातं, भेगा पडतात, खाज सुटते, मग त्या भेगांतून आणखी थिनर आत. अशा हातांना ‘कामाचे हात’ म्हणून सोडून देतात. खरं तर तो आजार आहे.

उपाय काम सुरू करण्याआधीचा आहे. कामाला साजेसे मोजे घालायचे. नुसत्या चपड्याच्या आणि स्पिरिटच्या कामाला नायट्राइलचे मोजे पुरतात, फाटले की बदलायचे. मोजे नकोसे वाटत असतील तर निदान हातांना आणि नखांच्या कडांना खोबरेल तेल चोळून घ्यावं, म्हणजे पॉलिश घट्ट धरत नाही. हात साफ करताना पुन्हा तेल चोळायचं, थर सुटला की साबण आणि बेसन किंवा लाकडाचा बारीक भुसा. पीयू आणि मेलामाइन एकदा सुकलं की थिनरलाही दाद देत नाही, तिथे मोज्यांशिवाय इलाज नाही. आणि सगळं करूनही नखाच्या कोपऱ्यात थोडं राहिलंच, तर कातडी सोलण्याऐवजी आपल्या इमामसाहेबांना मसला विचारा. कारागिराची अडचण त्यांच्यासमोर स्पष्ट मांडली पाहिजे, एवढंच आमचं म्हणणं.

मसल्यावरून आणखी एक. ‘स्पिरिट म्हणजे दारू, ते मस्जिदीत कसं लावायचं’ असा प्रश्न काही ठिकाणी निघतो, आणि मग चपड्याऐवजी थिनरचं पॉलिश ठरतं. उत्तर मुफ्तीसाहेबांनी द्यायचं आहे, ट्रस्टींनी अंदाजाने नाही. फक्त विचारताना त्यांना हेही सांगावं की हे स्पिरिट पिण्याचं नसतं आणि दुसरा पर्याय कामगाराच्या छातीला जास्त वाईट आहे.

मस्जिदीत काम काढलंच तर ते शाबानच्या शेवटच्या आठवड्यात काढू नका. रजबमध्ये काढा. रेहली, बाकं, कपाटाचे खण बाहेर नेऊन करा. मिंबर हलत नसेल तर तिथे रिमूव्हर नकोच, स्पिरिट किंवा पत्ती. जाजमं आणि कालीन आधी उचला, कारण ती वाफ शोषून घेतात आणि नंतर सजद्यात नाक तिथेच टेकतं. इशानंतर दार लावून रात्रभर काम करायची पद्धत सगळ्यात घातक. फज्रनंतर सुरू करून जोहरच्या तासभर आधी थांबवावं, सगळी दारं उघडी ठेवून. मदरशाच्या मुलांना त्या दिवशी सुट्टी. काम सुरू असताना इमामसाहेबांनी हुजऱ्यात झोपू नये.

रोज्यात हे काम घेणाऱ्याला दुपारी चक्कर आली तर ती रोज्याची की वाफेची, हे कुणालाच कळत नाही. रमजानमध्ये जुनं उतरवण्याची कामं नाकारलेली बरी. नुसतं नवा हात मारायचं काम घ्यावं.

चिंध्या आणि उरलेला माल

लाकडाला जवसाचं तेल लावल्यावर उरलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल सुकताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि गरम होतं. पसरलेल्या फडक्यातली उष्णता निघून जाते, बोळ्यातली आत साठते, आणि काही तासांनी तो बोळा आपोआप पेटतो. काडी नाही, ठिणगी नाही. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरातली वन मेरिडियन प्लाझा ही ३८ मजली इमारत अशीच पेटली. बाविसाव्या मजल्यावर लाकडाचं पॉलिश करणाऱ्यांनी तेलाच्या चिंध्या मागे ठेवल्या होत्या. तीन अग्निशमन जवान गेले. नालासोपाऱ्यातल्या लाकडी भुशाने भरलेल्या गाळ्यात काय होईल ते सांगायला नको. चिंध्या मोकळ्या जागेत दोरीवर एकेक वाळत घाला, किंवा पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

उरलेला रिमूव्हर आणि खरवडलेला गाळ कुठे टाकायचा हा प्रश्न वटारसारख्या गावात जास्त नाजूक आहे. इथे विहिरी आहेत, बावखळं आहेत, त्यांच्यावर केळी, भाजी, फुलांच्या वाड्या उभ्या राहिल्या. मिथिलीन क्लोराइड पाण्यापेक्षा जड असल्यामुळे जमिनीवर ओतलं की काही उडतं आणि उरलेलं वाळूतून खाली खाली जाऊन पाण्याच्या तळाशी बसतं. तिथून ते काढणं कठीण. मोरीत, गटारात, माडाच्या आळ्यात, कुठेच ओतू नये. मुळात लागेल तेवढाच माल आणा. उरला तर त्याच डब्यात घट्ट बंद करून पुढच्या कामाला वापरा. गाळ मोकळ्या हवेत, मुलं-जनावरं पोचणार नाहीत अशा जागी पूर्ण सुकू द्या, मग जाड पिशवीत वेगळा बांधून ‘घातक कचरा’ म्हणून सांगून महापालिकेच्या कचरागाडीला द्या. २०१६ च्या घनकचरा नियमांत रंगाचे डबे ओल्या-सुक्या कचऱ्यापासून वेगळे द्यायला सांगितलेलं होतं. जाळू मात्र नका.

दराबद्दलही एक शब्द. पॉलिशचं काम चौरस फुटावर ठरतं. जितक्या लवकर उतरेल तितकी मजुरी पदरात, म्हणून कारागीर सगळ्यात जहाल डबा उचलतो. घरमालकाने किंवा जमातीने आधीच सांगावं की दार उतरवून बाहेर करायचं, स्पिरिटने करायचं, त्याला एक-दोन दिवस जास्त लागले तर त्याचे पैसे वेगळे देऊ. असं न बोलता नुसतं ‘भाईजान, जरा जपून’ म्हणण्याला काही अर्थ नाही.

कुणी कोसळला तर

बंद खोलीत माणूस पडलेला दिसला की आपण धावत आत शिरतो. इथेच दुसरा जीव जातो. आधी बाहेरून दारं-खिडक्या सताड उघडा, लोकांना हाक मारा, १०८ ला फोन लावा. वाफ निघून गेल्याशिवाय आत जाऊ नका. बाहेर आणल्यावर माल सांडलेले कपडे काढा, अंग पाण्याने धुवा. श्वास चालू असेल तर कुशीवर झोपवा. थांबला असेल आणि कुणाला येत असेल तर छातीवर दाब द्या. कांदा हुंगवणं, पाणी पाजणं, उलटी करवणं यातलं काही करू नका. कुणी रिमूव्हर किंवा थिनर प्यायलं असेल तरीही उलटी करवायची नाही, माल फुफ्फुसात जातो.

माणूस पाच मिनिटांत उठून बसला आणि ‘मी ठीक आहे’ म्हणाला, तरी त्याला दवाखान्यात न्या, कारण कार्बन मोनॉक्साइड तयार होणं थांबलेलं नसतं. कोविडपासून घरोघरी असलेलं बोटाचं ऑक्सिमीटर इथे फसवतं. त्याला ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांतला फरक कळत नाही, ते ९८ दाखवतं. डॉक्टरांना स्पष्ट सांगा की मिथिलीन क्लोराइडचा संपर्क आलाय, रक्तातलं कार्बॉक्सीहिमोग्लोबिन तपासा. डबा सोबत न्या, किंवा काम सुरू करतानाच लेबलचा फोटो मोबाइलवर काढून ठेवा. डॉक्टरांना किंवा तुम्हाला सल्ला हवा असेल तर दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र चोवीस तास फोनवर असतं, क्रमांक १८०० ११६ ११७, फोन मोफत.